संगीत नाटकामागे काय लावावं: रंगवलेला पडदा की एलईडी वॉल?

संगीत नाटक उभं करायचं ठरलं, पदांच्या तालमी सुरू झाल्या, ऑर्गन-तबल्याची माणसं पक्की झाली, की नेपथ्याचा प्रश्न समोर येतो. हल्ली त्यावर दोनच उत्तरं सुचवली जातात: कापडावर रंगवलेले पडदे, नाहीतर मागे एलईडी वॉल उभी करून तिच्यावर दाखवलेली दृश्यं. प्रोजेक्टर आणि छापील पडदा हे मधले पर्याय आहेत, त्यांच्याबद्दलही पुढे बोलतो, पण खरी ओढाताण या दोघांतच होते. आमच्या संस्थेने दोन्ही वापरून पाहिलं आहे. एका नाटकाचे प्रयोग आधी वॉलवर केले आणि पुढे तेच नाटक पडद्यांवर आणलं. नाटक तेच, पदं तीच, गाणारी माणसं तीच, बदललं ते फक्त मागचं दृश्य. त्यामुळे निदान मला तरी फरक नीट जाणवला. तुमच्या नाटकाची गरज वेगळी असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकेल, हे आधीच सांगून ठेवतो.

वॉलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. जुन्या संगीत नाटकांत स्थळं भराभर बदलतात. राजवाडा, मग बाग, मग नदीकाठ, पुन्हा राजवाडा. वॉलवर हा बदल अंधार न करता क्षणात होतो. पाच अंकांचं नाटक संपादित करून तीन तासांत बसवायचं असेल तर अशी वाचलेली मिनिटं फार मोलाची असतात. दिग्दर्शकाला रंगीत तालमीनंतरही दृश्य बदलता येतं. महाल फार भपकेबाज वाटला तर दुसऱ्या दिवशी साधा महाल हजर. रंगवलेल्या पडद्याला ही सोय नाही. शिवाय वॉलमुळे तरुण प्रेक्षकाला प्रयोग भव्य वाटतो, हे मी पाहिलं आहे. तो प्रेक्षक संगीत नाटकाकडे वळत असेल तर या गोष्टीला मी कमी लेखणार नाही.

नेण्या-आणण्याचं गणित मात्र लोक समजतात तसं नाही. पडद्यांचे गठ्ठे कोण वाहणार, त्यापेक्षा वॉल सोपी, असं अनेकदा ऐकायला मिळतं. चोवीस फूट रुंद आणि बारा फूट उंच वॉल म्हणजे अर्ध्या मीटरची शंभराहून अधिक पॅनेल. एकेक पॅनेल सात-आठ किलोचं धरलं तरी एकूण वजन पाऊण टनाच्या घरात जातं. त्यावर मागचा सांगाडा, केबल, प्रोसेसर वेगळे. तेवढ्याच मापाचा गुंडाळलेला पडदा दोन-तीन माणसं खांद्यावरून आत आणतात. वॉल भाड्याची असेल तर ती उभी करायला त्यांची माणसं येतात हे खरं, पण वेळ तुमचाच जातो. आपल्याकडे नाट्यगृह सत्रांवर मिळतं. दुपारच्या सत्रातलं नाटक लांबलं, त्यांचं सामान निघायला आणखी उशीर झाला, की रात्रीच्या प्रयोगाआधी हातात जेमतेम तास-सव्वा तास उरतो. तेवढ्यात पडदे बांधून होतात. वॉल उभी राहणं, पॅनेल तपासणं, सगळ्यांचे रंग जुळवून घेणं हे त्यात बसवताना आमची साउंड टेस्ट आखडली जायची. गद्य नाटकाला ते एक वेळ चालेल. जिथे तानपुऱ्यापासून ऑर्गनपर्यंत सगळं जुळवून घ्यायचं असतं तिथे ते फार खटकतं.

तरीही माझा निर्णय वजनावर किंवा वेळेवर झाला नाही. तो झाला पदांवर.

संगीत नाटकातलं पद किती वेळ चालेल हे कुणीही आधी लिहून देऊ शकत नाही. तालमीत चार मिनिटांत होणारं पद प्रयोगात सात मिनिटं रंगतं. गळा लागलेला असेल, तबलजी खुशीत असेल, समोरून दाद येत असेल तर गायक आणखी दोन ताना घेतो, मुखड्यावर येऊन पुन्हा उठतो. वन्समोअर आला तर पुन्हा गातो. दुसऱ्या गावी आवाज बसलेला असेल तर तेच पद तीन मिनिटांत आवरतं घेतो. संगीत नाटकाचा सगळा जीव या अनिश्चितीत आहे. कथा तोंडपाठ असलेला प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतो तो आज पद कसं होतं हे ऐकायला.

वॉलवरच्या हलत्या दृश्याला मात्र ठराविक लांबी असते. आमच्या नाटकात नायिकेच्या विरहाच्या पदामागे चंद्र उगवून हळूहळू वर चढतो, असं दृश्य करून घेतलं होतं. सुरेख होतं, तालमीत सगळ्यांना आवडलं होतं. एका प्रयोगात आमच्या गायिकेला ते पद असं लागलं की तिने थांबावं असं कुणालाच वाटेना. ती तार षड्जावर स्थिर होती, सभागृहात कुणी हलत नव्हतं, आणि मागे चित्रफीत संपून पहिल्यापासून सुरू झाली. माथ्यावर आलेला चंद्र एकदम पुन्हा झाडांमागे गेला. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. तिने सूर सोडला नाही, पण सभागृहात जे जमून आलं होतं ते विस्कटलं. फीत चालवणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. त्याच्या हातात तेवढ्याच लांबीची फीत होती.

आम्ही उपाय केले. फीत लांबवली, चंद्राची चाल मंद केली. मग पद लवकर आटोपलं त्या दिवशी चंद्र झाडांच्या शेंड्यालाही पोचला नव्हता आणि पुढच्याच वाक्यात सखी म्हणत होती की मध्यरात्र उलटली. शेवटचं चित्र धरून ठेवायचं ठरवलं, तर ऐन तानेत मागची हलती पानं आणि पाणी जागच्या जागी थिजलं, आणि हलणाऱ्या दृश्यापेक्षा असं अचानक थिजलेलं दृश्य जास्त नजर खेचतं. सांधा दिसणार नाही अशी, नुसत्या पाण्याच्या लाटांची फीत हा त्यातल्या त्यात बरा तोडगा निघाला. पण लाटांनाही गती असते. पुढे झपतालातलं पद आणि मागे वेगळ्याच वजनाने हलणारं पाणी, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नसेल. माझ्या येतं. आमच्या तबलजींनीही स्वतःहून सांगितलं की मागे नजर गेली की त्यांना त्रास होतो, म्हणून ते त्या पदाला मान खाली घालून वाजवतात.

अखेर वॉलवर आम्ही स्थिर चित्रंच ठेवू लागलो. आणि तिथे आल्यावर मनात आलं की चित्र हलवायचंच नसेल तर ते कापडावर का असू नये.

स्थिर चित्राच्या बाबतीत दोघांतला फरक प्रकाशाचा आहे. वॉल स्वतः उजेड टाकते, कापड त्यावर पडलेला उजेड परत देतं. गायकाच्या पाठीमागे उजळ भिंत असली की त्याचा चेहरा काळवंडलेला दिसतो. मग समोरचे दिवे वाढवावे लागतात, नाहीतर वॉलचा उजेड दहा-पंधरा टक्क्यांवर आणावा लागतो. इतक्या कमी उजेडावर गडद रंगांच्या छटा तुटतात. रात्रीच्या आकाशात पट्टे दिसू लागतात आणि रात्रच तर आपल्या नाटकांत वारंवार येते. पैठणीची जर, शेल्याचा काठ, मोत्यांचे दागिने या गोष्टी समोरच्या प्रकाशात खुलाव्यात म्हणून कपडेपट जीव तोडून काम करतो, आणि मागची भिंत त्या सगळ्यावर मात करते. प्रयोगाचे फोटो काढणाऱ्यांना तर आणखी एक अडचण येते, वॉलच्या ठिपक्यांमुळे चित्रीकरणात आडव्या-वळणदार रेषा उमटतात. ती काही प्रमाणात टाळता येते, पण टाळणारा छायाचित्रकार हवा.

आवाजाच्या बाबतीत मी जपून बोलतो, कारण मी काही मोजमाप केलेलं नाही. वॉल असताना तबला मागून परत येतोय असं आमच्या गायकांना वाटायचं. पडदे लावल्यावर ती तक्रार बंद झाली. कठीण सपाट पृष्ठभाग आवाज परतवतो आणि सैल कापड तो थोडाफार शोषून घेतं, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटतं.

आता पडद्याकडे येतो. संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात पडदे रंगवणं ही मोठ्या चित्रकाराची कामगिरी मानली जायची. चित्रपटांकडे वळण्याआधी कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी या मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव कमावलं होतं. मंडळीकडे राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य असे पडदे तयार असत आणि नाटक कुठलंही असलं तरी तेच कामी येत. आजही मी सांगेन की प्रत्येक प्रवेशाला नवा पडदा करू नका. तीन चांगले पडदे आणि एक जाळीचा, एवढ्यात बहुतेक संगीत नाटकं उभी राहतात.

स्थळबदलाचा वेळ वाचवायची जुनी युक्ती आजही चालते. पुढच्या बाजूला रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यापुढे छोटा प्रवेश करायचा, तेवढ्यात मागे दरबार मांडून घ्यायचा. नाटककारांनी प्रवेशांची रचनाच पुष्कळदा या हिशेबाने केलेली असते. संहिता त्या नजरेने पुन्हा वाचली की वॉलशिवाय कसं जमेल ही चिंता बरीच कमी होते.

पडदा निवडताना खरा वेळ द्यायचा तो रंगांना. कापडावरचा रंग कुठल्या प्रकाशात कसा दिसेल हे चित्रकार आणि प्रकाशयोजनाकार यांनी शेजारी बसून ठरवलं पाहिजे. नुसत्या निळ्या प्रकाशात लाल फुलं काळी पडतात. बागेचा पडदा लाल-केशरी रंगांनी भरून टाकला तर चांदण्याच्या प्रवेशात तीच बाग मळकट दिसते. हिरव्यात थोडा निळा, तपकिरीत थोडा जांभळा मिसळलेला असला तर एकच पडदा अंबर जिलेटिनमध्ये (दिव्यापुढे लावायच्या पिवळसर रंगीत कागदात) सकाळचा आणि निळ्यात रात्रीचा होतो. आमच्या बागेच्या पडद्याने पहाट, दुपार आणि चांदणं अशी तिन्ही कामं केली, तीही केवळ दिव्यांवर.

आणि चंद्राचं सांगायचं राहिलं. पडद्यावरचं आकाश घट्ट रंगाने न रंगवता पातळ रंगाने रंगवून घेतलं. असं कापड मागून प्रकाश दिला की उजळतं. चंद्राचा गोल कोराच ठेवला, त्याच्यामागे एक दिवा लावला आणि भोवतालच्या आकाशासाठी दोन. पद सुरू झालं की प्रकाश सांभाळणारा आमचा सहकारी डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची कळ, हळूहळू वर नेतो. गायिका थांबली तर तो थांबतो, तिने आवरतं घेतलं तर तोही आवरतं घेतो. वन्समोअर आला तर चांदणं आहे तिथेच राहतं. हा सहकारी पदं ऐकणारा आहे, त्यामुळे समेवर आल्याशिवाय तो हात हलवत नाही. वॉलवर असं हाताने करता येणारच नाही असं मी म्हणत नाही, मोठ्या निर्मितीत तशी व्यवस्था असते. पण त्यासाठी दृश्यं वेगळ्या पद्धतीने बनवावी लागतात आणि ती चालवणारा माणूस गाणं जाणणारा, प्रत्येक प्रयोगाला तोच, असा हवा. भाड्याच्या वॉलबरोबर येणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

पडद्याच्या अडचणी आता सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. रंगवणारा माणूस मिळणं ही पहिली. कॅनव्हासवर उत्तम चित्र काढणाऱ्याला चोवीस फुटांचं कापड जमिनीवर अंथरून रंगवायला जमेलच असं नाही. जवळून फटकारे वाटणारी गोष्ट पंधराव्या रांगेतून झाड दिसली पाहिजे, हे सरावाने येतं. चित्रकला महाविद्यालयातली मुलं उत्साहाने येतात, पण त्यांच्यासोबत एखादा जाणता हात हवा. दुसरी अडचण घड्यांची. पडदा घडी घालून ठेवला की घडीवर रंग तडकतो आणि ती रेघ दिव्यात उठून दिसते. लांब नळीवर गुंडाळूनच ठेवायचा, आणि तेवढी लांब नळी टेम्पोत मावते का ते आधी पाहायचं. पावसाळ्यात सरस-खडूच्या थरावर बुरशी धरते. आम्ही मांजरपाटावर पातळ ॲक्रिलिक वापरलं, ते त्या मानाने टिकलं, पण कापड किंचित ताठर झालं.

तिसरी अडचण चित्रातल्या खोलीची, म्हणजे दूर-जवळच्या भासाची. पडद्यावरचे खांब दूर जाताना लहान होत जातात. नट चालत पडद्याजवळ गेला की तो राजवाड्यापेक्षा उंच दिसतो. त्याची सावलीही कापडावर पडते. पडद्यापासून पाच-सहा फुटांच्या आत कुणी उभं राहायचं नाही, हे हालचाली बसवतानाच ठरवावं लागतं. रंगमंच उथळ असेल तर ही अट जाचक होते आणि तिथे वॉल नक्कीच सोयीची पडते.

आगीचा विषय टाळू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४मध्ये आगीत गेलं, ते दुःख नाटकवाल्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. मोठं सुती कापड दिव्यांच्या जवळ टांगायचं असेल तर रंगवण्याआधी ते बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातून काढून घ्यावं, म्हणजे सहज पेट घेत नाही. कापड भिजलं किंवा धुतलं तर हा गुण निघून जातो, तेव्हा पावसात भिजलेल्या पडद्याला पुन्हा त्या पाण्याचा हात द्यावा लागतो. चंद्रामागचा दिवा आम्ही एलईडीचाच ठेवला आहे. जुना हॅलोजन कापडाच्या इतक्या जवळ ठेवायची माझी तयारी नाही.

मधल्या पर्यायांबद्दल थोडक्यात. प्रोजेक्टरवर चोवीस फूट रुंद चित्र हवं असेल तर साध्या भिंगाला छत्तीस फुटांच्या आसपास अंतर लागतं. मागून एवढी जागा आपल्या बहुतेक नाट्यगृहांत नसते, आणि समोरून टाकलं तर चित्र नटाच्या अंगावर पडतं. दहा हजार ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टरही एवढ्या चित्रावर पसरला की चौरस मीटरमागे सव्वातीनशे-साडेतीनशे ल्युमेनच देतो. गायकाच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश टाकला की त्याचा पसारा मागे जाऊन चित्र पुसट करतो. गाणाऱ्याचा चेहरा अंधारात ठेवून मागचं चित्र वाचवणं मला तरी मान्य नाही. प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर आलापीत ऐकू येते, ती वेगळी.

छापील पडदा झटपट होतो. फ्लेक्स घेऊ नका, तो दिव्यात चकाकतो आणि त्याच्या सुरकुत्या जात नाहीत. कापडावर छापून घेतलेला बराच सुसह्य असतो. छपाईच्या बहुतेक यंत्रांची रुंदी दहा फुटांच्या आसपास असल्याने जोड येतात, ते खांबाच्या किंवा झाडाच्या कडेला येतील असं चित्र आखून द्या. छायाचित्र मात्र छापू नका. त्यातले बारीक तपशील गाणाऱ्यावरून नजर काढून घेतात. एखाद्या चित्रकाराकडून लहान मापाचं चित्र काढून ते मोठं छापून घेतलं, तर रंगवणारा न मिळाल्यास तो चांगला पर्याय आहे.

मग कुणी काय घ्यावं? पदं ध्वनिमुद्रित साथीवर होणार असतील, म्हणजे प्रत्येक पदाची लांबी सेकंदापर्यंत ठरलेली असेल, तर वॉल घ्या. माझा मुख्य आक्षेप तिथे लागूच होत नाही. नाटकाचे दोन-चारच प्रयोग होणार असतील आणि स्थळं पुष्कळ असतील, तरीही वॉलचा विचार जरूर करा, कारण पडद्यांचा खर्च एकदाच पण आधी होतो आणि वॉलचं भाडं प्रयोगागणिक. साथ प्रत्यक्ष असेल, गायकाला मोकळीक द्यायची असेल आणि नाटक वर्षभर गावोगाव फिरवायचं असेल, तर मी पडद्यांकडे झुकेन. आमच्या नाटकासाठी पुन्हा निवड करायची वेळ आली तरी बहुधा हेच करीन.

वॉलच घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. हलतं दृश्य पदांच्या वेळी नको, ते प्रवेश बदलताना आणि युद्ध-वादळाच्या प्रसंगांत वापरा. आणि वॉलचा उजेड किती ठेवायचा हे प्रकाशयोजनाकाराने ठरवावं, वॉल चालवणाऱ्याने परस्पर वाढवू नये.

पडदे करणार असाल तर कापड घेण्याआधी ज्या नाट्यगृहांत प्रयोग लावायचे आहेत तिथल्या पडदे टांगायच्या बारांची उंची आणि लांबी विचारून घ्या. ती सगळीकडे वेगळी असते. वरच्या बाजूला दोन फूट कोरं कापड जादा ठेवा, म्हणजे उंच रंगमंचावरही झालरीखाली उघडी कड दिसणार नाही. खालच्या कडेला नळी घालायचा खिसा शिवून घ्या आणि त्याच्यापुढे चार बोटांची पट्टी सोडा, ती जमिनीला टेकली की खालून मागचा उजेड येत नाही.